सोलापूरचा टॉवेल परदेशी पाठवायचा, बोटीनं की रेल्वे-ट्रकनं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतली एक्स्पोर्टमध्ये नवीन उतरलेली पोरं हल्ली हमखास विचारतात, की लाल समुद्रातल्या भानगडीमुळं बोट उशिरा पोचते तर माल इराणमार्गे रेल्वेनं का टाकू नये, नकाशावर तर तो रस्ता सरळ वर जातो. जातो खरा. पण आधी बायर कुठं बसलाय ते बघा, बहुतेक निर्णय तिथंच होतो.

आणि एक गोष्ट पक्की धरा, आपल्याला नुसता जमिनीवरचा रस्ता नाहीच. पाकिस्तानातून माल जात नाही, त्यामुळं रेल्वे म्हणा की ट्रक म्हणा, सुरुवात मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातच होते आणि पहिला टप्पा बोटीचाच असतो. मुंबईहून बंदर अब्बास, तिथून इराण ओलांडून पुढं. भारत, इराण आणि रशियानं या रस्त्याचा, म्हणजे उत्तर-दक्षिण कॉरिडॉरचा करार २००० साली केला, लांबी साधारण ७,२०० किलोमीटर.

बायर हॅम्बर्ग किंवा रॉटरडॅमचा असेल तर बोट, यात वाद घालण्यात अर्थ नाही. सुएझ कालव्यातून साडेतीन-चार आठवडे धरायचे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुती बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बऱ्याच शिपिंग लाइन्स, म्हणजे जहाज कंपन्या, आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, त्यात १० ते १५ दिवस वाढतात, भाडंही वाढतं. तरीसुद्धा बोटच परवडते, कारण सगळ्यात मोठ्या जहाजात २० फुटी कंटेनर २४,००० च्या आसपास बसतात आणि चीन-युरोप मालगाडीवर ४० फुटी जेमतेम पन्नास. टॉवेल वजनाला हलका, जागा खाणारा माल, ४० फुटी हायक्यूबमध्ये, म्हणजे जास्त उंचीच्या कंटेनरमध्ये, साधारण ७६ घनमीटर जागा असते, ती वजनाची मर्यादा यायच्या आधीच भरते, म्हणून भाडं किलोवर नाही तर नगावर काढून बघा.

बोटीचा धोका वेगळाच आहे. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं कंटेनर जहाज सुएझमध्ये आडवं झालं, सहा दिवस कालवा बंद. पुढं मालकानं जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवायचा खर्च ज्यांचा ज्यांचा माल आत होता त्या सगळ्यांवर वाटला जातो आणि त्याची हमी दिल्याशिवाय स्वतःचाच कंटेनर हातात येत नाही. विमा असला की ही हमी विमा कंपनी देते, नसला तर रोख भरायची तयारी ठेवा. प्रीमियम वाचवणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

आता बायर अल्माटी नाहीतर ताश्कंदचा असेल तर गोष्ट बदलते. तिथं समुद्रच नाही, जमीन आलीच. एक वाट बंदर अब्बासहून इराण-तुर्कमेनिस्तान करत, दुसरी बोटीनं चीनच्या चिंगदाओ किंवा लियानयुनगांगला आणि तिथून रेल्वेनं चीन-कझाकस्तान सीमेवरच्या खोर्गोसमार्गे. नकाशावर दुसरी वाट उलटी वाटते, पण इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, २०१८ मध्ये मोठ्या शिपिंग लाइन्सनी तिथलं काम थांबवलं, आणि कागदावर बंदर अब्बास दिसलं की बँक प्रश्न विचारायला लागते. म्हणून आधी बँकेत जाऊन बोला, मग फॉरवर्डरकडं, म्हणजे माल पाठवायची सोय करणाऱ्या एजंटाकडं जा. दोन्ही वाटांवर रुळांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदलतं, इराण आणि चीनचं १,४३५ मिलिमीटर, कझाकस्तान-उझबेकिस्तानचं १,५२०, त्यामुळं सीमेवर कंटेनर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर उचलून ठेवायला लागतो आणि गर्दी असली की नंबर लागेपर्यंत तिथंच पडून राहतो. शिवाय शिपिंग लाइनचा रिकामा कंटेनर ठरल्या मुदतीत परत पोचवायचा कुणी, हे आधी ठरवलं नाही तर डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, चढत जातं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कागदाचं. माल चढवल्यावर जहाज कंपनी देते ते बोटीचं ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग, टू ऑर्डर (म्हणजे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येईल असं) काढलेलं, म्हणजे मालाचा हक्क. पैसे आल्याशिवाय बँक ते सोडत नाही आणि ते हातात नसेल तर बायरला माल मिळत नाही. रेल्वेची किंवा ट्रकची कन्साइनमेंट नोट तशी नसते, ती नुसती वाहतुकीची पावती, त्यावर ज्याचं नाव त्याला माल मिळतो, पैसे आलेले असोत की नसोत. नव्या बायरला, तेही उधारीवर, जमिनीनं माल पाठवणं मला अजिबात पटत नाही. अ‍ॅडव्हान्स मोठा घ्या, किंवा कन्साइनी, म्हणजे माल घेणारा, म्हणून त्याच्या बँकेचं नाव टाकता येतं का ते त्या बँकेला विचारा.

मॉस्कोचं म्हणाल तर इराणवाल्या रस्त्यानं पंचवीसेक दिवसांत माल पोचतो असं सांगितलं जातं, जुन्या सुएझ रस्त्याला चाळीसेक. पण इराणमधला रश्त ते अस्तारा हा सुमारे १६० किलोमीटरचा रेल्वेचा तुकडा जोडायचा राहिलाय, तेवढ्यासाठी ट्रक लावा नाहीतर कॅस्पियन समुद्र बोटीनं ओलांडा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मालाची चढ-उतार आली. सीझनचा माल नसेल तर मी बोटीनं रशियाच्या काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क बंदरालाच पाठवीन.

दोन्हीकडं कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या डेसिकंट बॅगा टांगायला विसरू नका, समुद्रावर दमट हवा आणि कझाकस्तानात हिवाळ्यात कडाक्याची थंडी, छताला पाणी धरतं आणि सुती मालाला कुबट वास लागला की बायर अख्खा लॉट नाकारतो.