आमवाताच्या सांध्यातील पेशी: साधं टॉरिन की टॉरिन क्लोरामाइन?

दाह शमवण्याचं श्रेय सरसकट टॉरिनला, म्हणजे शरीरात आढळणाऱ्या एका अमिनो आम्लाला, दिलं जातं. पण आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातून घेतलेल्या सायनोव्हियल फायब्रोब्लास्टवर (सांध्याच्या अस्तरातल्या पेशींवर) नुसतं टॉरिन घातलं, तर इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-८ हे दाहाचे संदेश देणारे साइटोकाइन फारसे हलत नाहीत. टॉरिनला क्लोरीन जोडून बनणारं टॉरिन क्लोरामाइन मात्र साधारण २०० ते ५०० मायक्रोमोलर मात्रेत दोन्ही घटवतं. इंटरल्युकिन-८ दाबायला जास्त मात्रा लागते. दोन्ही घटतात, कारण एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांचा जोर ओसरतो.

मग टॉरिन निरुपयोगी? अजिबात नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर हायपोक्लोरस आम्ल तयार करतं, टॉरिन ते टिपून घेतं आणि त्यातूनच क्लोरामाइन बनतं. अडचण अशी, की आमवाताच्या सांध्यातील द्रवातले न्यूट्रोफिल हे क्लोरामाइन कमी बनवतात.

प्रयोगशाळेत फॉस्फेट बफरमधल्या टॉरिनच्या जादा द्रावणात सोडियम हायपोक्लोराइट थेंबाथेंबानं, ढवळत घाला. टॉरिन कमी पडलं तर डायक्लोरामाइन (दोन क्लोरीन जोडलेलं रूप) होतं. २५२ नॅनोमीटरवर शोषण मोजून मात्रा काढा (गुणांक ४२९ प्रति मोलर प्रति सेंटीमीटर), ३०० वर डायक्लोरामाइन तपासा. द्रावण ताजंच वापरा. पेशी वाढवायच्या माध्यमातलं सीरम (रक्तद्रव) आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल क्लोरामाइन खाऊन टाकतात, त्यामुळे सीरम बदललं की परिणामही बदलतो. मात्रा वाढवली तर पेशी मरतात आणि साइटोकाइन घटल्याचा आभास होतो. म्हणून पेशी जिवंत असल्याची चाचणी सोबत हवीच.

टॉरिनच्या गोळ्या घेऊन सांध्यात क्लोरामाइन वाढेल, असं या पेशींवरच्या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. गोळ्यांपायी मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं औषध बंद करू नका.