एनपीएसचे व्यवहार-विवरण : उपयुक्त, पण चुकलेल्या महिन्याबाबत मुके

१ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नागरी सेवेत रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, लागू झाली. आम्हा वर्गणीदारांसाठी प्राण (प्रत्येक वर्गणीदाराचा कायम खाते क्रमांक) टाकून उघडणारे व्यवहार-विवरण हेच पासबुक आहे, आणि गेली अकरा वर्षे मी ते नियमित पाहतो.

विवरणाची मांडणी खरोखर चांगली आहे. वर्गणी कोणत्या महिन्याची, ती कोणत्या कार्यालयाने भरली, माझे दहा टक्के किती, सरकारचे चौदा टक्के किती आणि त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे निधीच्या एका युनिटच्या (हिश्श्याच्या) किमतीने, किती युनिट मिळाले, हे सारे ओळीने दिसते. जुन्या भविष्य निर्वाह निधीची वार्षिक चिठ्ठी हातात पडेपर्यंत वर्ष उलटून जाई; त्या तुलनेत ही सोय फार मोलाची आहे.

एकदा मात्र वेतनचिठ्ठीशी ताडून पाहताना जुलैनंतर थेट सप्टेंबरची ओळ दिसली. ऑगस्टच्या पगारातून कपात झालेली होती, तरीही खात्यात एक रुपयाही आलेला नव्हता. वेतन व लेखा कार्यालयाने पाठवलेली यादी आणि विश्वस्त बँकेत (वर्गणीचे पैसे स्वीकारणाऱ्या बँकेत) पोहोचलेली रक्कम जुळली, तरच युनिट जमा होतात. आमच्या कार्यालयाच्या यादीतून माझे नावच सुटले होते, आणि तीन अर्ज व चार महिने गेल्यावर ती वर्गणी जमा झाली, तीही तोवर वाढलेल्या एनएव्हीने, म्हणजे कमी युनिट देऊन.

अशा विलंबात कर्मचाऱ्याचा दोष नसेल, तर त्याला व्याजासह भरपाई द्यावी, अशी तरतूद केंद्राच्या २०२१ च्या नियमांत आहे. पण चूक आधी लक्षात यावी लागते, आणि इथेच ही सेवा कमी पडते. वर्गणी जमा झाली की मोबाइलवर संदेश येतो, ती आली नाही तर काहीच येत नाही. पैसे गुंतवणारे निधी व्यवस्थापक आणि खात्यांच्या नोंदी ठेवणारी अभिलेख संस्था यांच्यावर निवृत्तिवेतन नियामक प्राधिकरणाचा थेट अंकुश आहे, मात्र वर्गणी कापून घेणारे कार्यालय त्या-त्या सरकारी विभागाच्याच अखत्यारीत राहते. त्यामुळे पैसा खात्यात आल्यानंतरची देखरेख कडक आणि येण्यापूर्वीची सैल, असा माझा स्पष्ट अनुभव आहे.

कोणत्या वर्गणीदाराची कोणत्या महिन्याची ओळ रिकामी आहे, हे याच प्रणालीच्या नोंदींतून कळू शकते. ती माहिती महिना संपताच वर्गणीदाराला आणि त्याच्या कार्यालयप्रमुखाला एकाच वेळी कळवली जावी, एवढीच सुधारणा मला हवी आहे.