माचा, सेन्चा की होजिचा: पहिलं पाकीट कुठलं घ्यावं?

जपानी चहा म्हटलं की हल्ली सगळे माचाच मागतात. माझं मत विचाराल तर पहिलं पाकीट सेन्चाचं घ्या.

माचात खोट काहीच नाही. खुडणीआधी तीनेक आठवडे मळा झाकतात, म्हणून पानाची गोडी टिकते आणि तुरटपणा आवरतो. मग शिरा-देठ काढून पान दगडी जात्यावर दळतात. तासभर दळल्यावर एका जात्यातून जेमतेम 40 ग्रॅम पूड पडते, आणि जातं वेगानं फिरवलं तर ती तापून वास जातो. जगभरची मागणी पुरवायची कशी? 2024 च्या शरदात क्योतोतल्या जुन्या, नामांकित दुकानांनाही विक्रीवर मर्यादा घालावी लागली. अशा वेळी स्वस्तात मिळणारी पिवळट, खाकी पूड दूध-साखरेत खपते. नुसत्या पाण्यात घोटली तर घशाखाली उतरत नाही. शिवाय बांबूची घोटणी आणि रुंद वाडगा हवा, तो खर्च वेगळा.

सेन्चा हा जपानी घरातला रोजचा चहा. पान वाफवायचं, मग गरम असतानाच वळत वाळवायचं, ही रीत 1738 मध्ये क्योतोजवळच्या उजी या चहासाठी प्रसिद्ध भागातल्या नागातानी सोएन यांनी बसवली. आज यंत्रं तेच करतात. पानं सुईसारखी बारीक, गर्द हिरवी. यावर उकळतं आधण ओतलं की चहा कडू झालाच म्हणून समजा! पाणी आधी रिकाम्या कपात ओता, जरा निवू द्या, 70 ते 80 अंशांवर आलं की किटलीत घाला. मिनिटभरानं गाळा आणि शेवटचा थेंबही निथळू द्या, कारण सगळी चव तिथे असते. तीच पानं दुसऱ्यांदाही चालतात. तेव्हा पंधरा-वीस सेकंद पुरे. एकदा वळलेलं पान किटलीच्या तळाशी पूर्ण उलगडलेलं पाहा, मग हा चहा कळतो.

दुधाचा चहा सुटणारच नसेल, किंवा रात्री जेवणानंतर काही गरम हवं असेल, तर मात्र होजिचा. भाजलेला असल्यानं वास फुटाण्यांच्या भट्टीसारखा खमंग, कॅफिन कमी, आणि उकळतं पाणीही सोसतो. किंमतही सहसा तिघांत कमी.

पाकिटावर शिझुओका आहे की कागोशिमा (जपानातले चहा पिकवणारे दोन प्रांत), यावर अडून बसू नका. कच्च्या चहाच्या (शेवटची सफाई व्हायच्या आधीच्या वाळवलेल्या पानाच्या) उत्पादनात 2024 मध्ये कागोशिमानं शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं. चांगला माल दोन्हीकडचा येतो. तारीख मात्र नीट बघा. पाकीट 50 ग्रॅमचंच घ्या, फोडल्यावर महिनाभरात संपवा, आणि मसाल्यांच्या फडताळात चुकूनही ठेवू नका.