विंडी अॅप: रंगीत नकाशा कमी बघा, साउंडिंग जास्त

पॅराग्लायडिंग, काइटसर्फिंग, शिडाची होडी किंवा लांब पल्ल्याची सायकल यांपैकी काहीही करणाऱ्याच्या फोनमध्ये वारा आणि हवामानाचा अंदाज नकाशावर दाखवणारं विंडी हमखास असतं. इवो लुकाचोविच या चेक उद्योजकाने २०१४ मध्ये हे सुरू केलं. नकाशावरून वाहणाऱ्या त्या पांढऱ्या रेघा पाहिल्या की वारा डोळ्यांना दिसू लागतो. पण शरद लागताना, म्हणजे दिवस झपाट्याने लहान होतात आणि रात्री गारठू लागतात तेव्हा, हाच देखणा नकाशा सर्वांत जास्त फसवतो. अॅप उत्तम आहे. मात्र त्याची खरी ताकद पहिल्या पडद्यावर नाही, दोन-तीन मेन्यू आत आहे, विशेषतः साउंडिंगमध्ये, म्हणजे एका ठिकाणचं तापमान आणि वारा उंचीनुसार दाखवणाऱ्या आलेखात.

विंडी स्वतः हवामानाचा अंदाज तयार करत नाही. वेगवेगळ्या संस्थांच्या मॉडेलांचे, म्हणजे संगणकावर हवेचा हिशेब करणाऱ्या प्रणालींचे, आकडे घेऊन ते दाखवतं. युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करतं, जर्मनीचं जागतिक आयकॉन १३ किलोमीटरच्या आणि अमेरिकेच्या जीएफएसचे आकडे सुमारे २२ ते २५ किलोमीटरच्या जाळीवर येतात. युरोपात आयकॉन-डी२ आणि आरोम, अमेरिकेत एचआरआरआर अशी १ ते ३ किलोमीटरची बारीक मॉडेलंही मिळतात. त्या पट्ट्यांबाहेर बहुतेक ठिकाणी जागतिक मॉडेलांवरच भागवावं लागतं. म्हणून अॅप उघडल्यावर पहिलं काम हे, की आपल्या ठिकाणासाठी यादीत कोणती मॉडेलं आहेत ते बघायचं. बारीक मॉडेल असेल तर पहिल्या दोन दिवसांसाठी तेच वापरावं.

नकाशा झूम केला की रंग इतके सलग दिसतात की प्रत्येक वळणाचा वारा मोजला आहे असं वाटतं. प्रत्यक्षात दोन चौकटींमधली जागा अॅप गणिताने भरून काढतं. ९ किलोमीटरच्या चौकटीत अरुंद खिंड, एकटा सुळका किंवा छोटी खाडी मावतच नाही. मॉडेलमधला डोंगर खऱ्या डोंगरापेक्षा बुटका आणि गुळगुळीत असतो. त्यामुळे माथ्यावरचा वारा कमी दाखवला जातो, आणि खिंडीत दाबून वेग घेणारा किंवा आडोशाच्या बाजूला भोवरे करणारा वारा दिसतच नाही. डोंगरासाठी जमिनीलगतचा थर सोडून उंचीची पट्टी वर सरकवा. हे थर हवेच्या दाबावरून, हेक्टोपास्कलमध्ये, मोजतात: ८५० हेक्टोपास्कलचा थर समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरवर येतो, ७०० चा ३००० वर. आपल्या माथ्याच्या उंचीजवळचा थर तिथल्या वाऱ्याची कल्पना जास्त बरी देतो.

आता शरदाचा मुख्य मुद्दा. रात्र लांबली, आकाश निरभ्र राहिलं की जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगत गार हवेचा थर बसतो. वर त्याहून उबदार हवा असते. हे इन्व्हर्जन. झाकण लावल्यासारखा हा थर खालची हवा वरच्या वाऱ्यापासून तोडून टाकतो. खाली पानही हलत नाही आणि ३००-४०० मीटरवर मात्र वारा जोरात वाहत असतो, कारण रात्री त्याला जमिनीचा अटकाव राहत नाही. ऊन चढलं, झाकण फुटलं की तोच वारा खाली उतरतो. सकाळच्या शांततेवर विसंबून उड्डाण केलेला पायलट किंवा मोठा काइट लावलेला माणूस नेमका इथे अडकतो.

हे ओळखायचं साधन म्हणजे साउंडिंग. नकाशावर ठिकाण निवडून तिथल्या मेन्यूतून ते उघडतं. उभ्या अक्षावर उंची, एक रेघ तापमानाची, दुसरी दवबिंदूची (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं), आणि कडेला त्या त्या उंचीवरचा वारा. समजा सकाळी ७ ला जमिनीवर तापमान १४ अंश आणि दवबिंदू १३ आहे. रेघ वर जाताना डावीकडे झुकण्याऐवजी उजवीकडे वळते आणि जमिनीपासून ३०० मीटरवर १९ अंशांना पोचते. खाली वारा ३ नॉट (१ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर), त्या थराच्या वर १८. कोरडी हवा वर चढताना दर १०० मीटरला जवळपास १ अंश थंड होते. म्हणजे खालची हवा ३०० मीटरचं झाकण भेदून जायला जमिनीवर १९ अधिक ३, साधारण २२ अंश व्हायला हवेत. आता अंदाजाच्या तक्त्यात २२ अंश कोणत्या तासाला येतात ते शोधा. वारा बदलण्याची वेळ साधारण तीच. धुकंही त्याच चित्रात दिसतं: तापमान आणि दवबिंदू यांत जेमतेम १ अंशाचं अंतर आणि वारा नाही, म्हणजे दरीत धुकं साचण्याची दाट शक्यता. धुकं असेल तर ऊन जमिनीपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि २२ अंशांची वेळ आणखी पुढे जाते.

इथेच फुकट आवृत्तीची खरी अडचण कळते. तिच्यात अंदाज ३-३ तासांच्या टप्प्यांनी येतो. सकाळी ९ ला ४ नॉट आणि दुपारी १२ ला १३ नॉट असं दिसलं, तरी मधली उडी १० ला आली की साडेअकराला, ते कळत नाही. पैसे भरलेल्या आवृत्तीत तासातासाचा अंदाज मिळतो. आठवड्यातून एकदा फिरायला जाणाऱ्याला त्याची गरज नाही. सकाळच्या वाऱ्यात उडणाऱ्याने मात्र तो घ्यावा, या ऋतूत तर नक्कीच.

दुपारच्या थर्मलसाठी, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेसाठी, ढगांचा तळ किती उंच असेल हेही दोन आकड्यांवरून काढता येतं. जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५. दुपारी २४ अंश आणि दवबिंदू १२ असेल तर तळ जमिनीपासून साधारण १५०० मीटरवर. हा ठोकताळा हवा चांगली ढवळलेली असताना चालतो. सकाळच्या गार थरात तो वापरू नका.

गस्टचा, म्हणजे वाऱ्याच्या झोताचा, आकडा वाचताना बरेच जण घसरतात. तक्त्यातला वारा म्हणजे १० मीटर उंचीवरचा सरासरी वेग. ईसीएमडब्ल्यूएफचा गस्ट मात्र त्या क्षणाचा नसतो. तो मागच्या टप्प्यातला सर्वांत जोरदार झोत असतो. १२ वाजताच्या रकान्यातला २२ नॉटचा झोत म्हणजे तो सव्वानऊलाही येऊन गेलेला असू शकतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १२ वरून १८ नॉट म्हणजे दीडपट नाही, सव्वादोन पट ओढ. काइट किंवा शीड निवडताना सरासरीवर नाही, झोतावर नजर ठेवा. झोत सरासरीच्या दीडपटीच्या वर गेला तर नवख्याने त्या दिवशी पाण्यात उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सायकलवाल्यांना थोडा दिलासा: मोकळ्या गवताळ माळावर २ मीटर उंचीला वारा १० मीटरवरच्या वेगाच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो. झाडीत त्याहूनही कमी.

समुद्रकिनाऱ्यावर वेगळं गणित आहे. खारे वारे सुटायला जमीन पाण्यापेक्षा तापावी लागते. शरदाच्या सुरुवातीला पाणी अजून उबदार असतं आणि जमिनीचा ताप उतरू लागतो, त्यामुळे खारे वारे उशिरा सुटतात, लवकर पडतात आणि सकाळचे मतलई वारे रेंगाळतात. जीएफएसच्या जाडजूड चौकटीला किनाऱ्याची ही अरुंद पट्टी नीट पकडता येत नाही. दुपारी बाण वळलेलाच दिसला नाही तर तो दोष मॉडेलचा असू शकतो. मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचं पाणी काचेसारखं सपाट दिसतं आणि आत गेल्यावर वारा वाढत जातो. परतीचा रस्ता त्या वाऱ्याच्या तोंडावर असतो, हे पॅडलबोर्डवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावं.

अॅपमधला आमचा सर्वांत आवडता भाग म्हणजे मॉडेलांची तुलना. एकाच ठिकाणचे सगळे अंदाज एकाखाली एक येतात. तिन्ही जागतिक मॉडेलं २-३ नॉटच्या फरकात असतील तर बेत ठरवा. एक ८ म्हणतंय आणि दुसरं १९, तर सरासरी काढून साडेतेरा धरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की एखादी वाऱ्याची सीमारेषा आपल्यावरून जाणार की बाजूने, हे अजून ठरलेलं नाही. उत्तर गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उष्णकटिबंधीय वादळांचे अवशेष वर सरकतात, तेव्हा पाचव्या दिवसापुढे मॉडेलांची अशी फाटाफूट नेहमी दिसते.

मॉडेल नव्याने हिशेब करतं त्या फेऱ्यांची वेळही सांभाळा. जीएफएस दिवसातून चारदा, ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) धावतं आणि निकाल यायला ४-५ तास लागतात. ईसीएमडब्ल्यूएफला ६-७. रात्री पाहिलेला अंदाज पहाटे पुन्हा उघडा, आणि तो कोणत्या फेरीचा आहे ते वाचा. निघण्याआधी जवळच्या हवामान केंद्राचा प्रत्यक्ष वारा आणि वेबकॅम, दोन्ही याच नकाशावर, बघून घ्या. केंद्रावर आत्ता १२ नॉट आहे आणि मॉडेल याच वेळेला ५ म्हणत असेल, तर त्या दिवसापुरता मॉडेलचा पुढचा आकडाही संशयाने घ्या.

एकाच ठिकाणी नेहमी जाणाऱ्या काइटवाल्यांना विंडगुरू या दुसऱ्या वाऱ्याच्या अंदाजाच्या सेवेचा कोरडा तक्ता जास्त भरभर वाचता येतो, तिथे नकाशाचा मोह नाही. पण साउंडिंग आणि उंचीनिहाय वारा लागणाऱ्यांनी विंडीच ठेवावं. सुरुवातीलाच एक करा: वेगाच्या पट्टीवर टिचकी मारून एकक बदला किंवा निदान तपासा. १ नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर प्रतितास, आणि १५ हा आकडा कशातला आहे यावर सगळं अवलंबून असतं. डोंगरात नेटवर्क जाईल, तेव्हा साउंडिंग आणि तुलनेचे स्क्रीनशॉट घरूनच काढून न्या.