ग्राउंड सोर्स हीट पंप: इंदूरच्या बंगल्याला परवडेल का?

ग्राउंड सोर्स हीट पंप म्हणजे घरातली उष्णता बाहेरच्या हवेत न फेकता, खोल बोअरमध्ये सोडलेल्या पाइपांतल्या पाण्यावाटे जमिनीत सोडणारं वातानुकूलन यंत्र. तीन टनांचं असं यंत्र आणि काळ्या मातीखाली दगड असलेला इंदूरचा प्लॉट धरून हे परीक्षण.

यंत्र उत्तम, यात वाद नाही. मे महिन्यात स्प्लिट एसीचं आउटडोअर युनिट 40 अंशांच्या हवेत उष्णता ढकलत असतं. इथे तीच उष्णता पाण्यावाटे 25–27 अंशांच्या जमिनीत जाते. कॉम्प्रेसरला दम लागत नाही, गच्चीवर पंख्याची घरघर नाही. थंडीत रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह (उष्णतेची दिशा उलटवणारी झडप) फिरला की गरम हवा मिळते, पण इंदुरात ते मोजक्या रात्रींपुरतं.

खरी परीक्षा बोरिंगची. तीन टन म्हणजे साडेदहा किलोवॅट थंडावा; कॉम्प्रेसरची वीज मिळवून सुमारे 13 किलोवॅट उष्णता जमिनीला पचवावी लागते. बोअरच्या दर मीटर खोलीमागे 40 वॅट धरले तर 80 मीटरचे चार बोअर झाले, तेही एकमेकांपासून निदान 6 मीटरवर. राजवाड्यामागच्या अरुंद गल्ल्यांत हा विषयच संपला. दीड मीटरवर आडवे पाइप टाकून देतो असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पाइपापासून सुटते आणि मधली हवा उष्णता अडवते, नेमकी गरज असते तेव्हाच.

पाइप 32 मिमीचा एचडीपीई (टणक प्लॅस्टिक), तळाशी वळणारा यू-बेंड कारखान्यातच जोडलेला हवा. बोअरमधला भराव वाळू मिसळलेल्या बेंटोनाइटचा (फुगणाऱ्या चिकणमातीचा), तळापासून वर पंप केलेला. वरून नुसता चुरा ओतला तर पोकळ्या राहतात. प्रेशर टेस्ट दोनदा: पाइप सोडण्याआधी आणि भराव झाल्यावर. लूपमध्ये, म्हणजे पाइपांच्या बंद फेऱ्यात, मऊ पाणी भरा, अँटिफ्रीझची इथे गरज नाही.

मोठं दुखणं उशिरा कळतं. वर्षातले बहुतेक महिने उष्णता आत जाते, बाहेर फारशी निघत नाही, म्हणून बोअरभोवतीची जमीन दरवर्षी थोडी तापत जाते. यंत्रात येणारं पाणी 35 अंशांच्या वर रेंगाळू लागलं की विजेची बचत आटते. जादा उष्णता हवेत सोडणारा छोटा कूलिंग टॉवर जोडावा, नाहीतर डीसुपरहीटर लावून यंत्रातली काही उष्णता अंघोळीच्या पाण्यात वळवावी.

म्हणून तीन खोल्यांच्या बंगल्याला आमची शिफारस चांगल्या इन्व्हर्टर एसीचीच. दिवसरात्र थंडावा आणि गरम पाणी दोन्ही लागणाऱ्या नर्सिंग होमने किंवा हॉटेलने मात्र हे यंत्र जरूर घ्यावं. कोटेशनमध्ये थर्मल रिस्पॉन्स टेस्ट लिहून घ्या: पहिल्या बोअरमधून 48 तास गरम पाणी फिरवून जमीन किती उष्णता घेते ते मोजायचं, मगच उरलेले बोअर किती ते ठरवायचं.