‘प्रूव्हन पेअर’ म्हणून मला दोन माद्या विकल्या

पहिली अंडी दिसली त्या संध्याकाळी मी टाकीसमोर जमिनीवर बसून राहिले. सहा-सहा इंचांचे दोन टर्क्वॉइज डिस्कस, म्हणजे निळ्या रेघांचे, थाळीसारखे गोल शोभेचे मासे, मातीच्या शंकूभोवती घिरट्या घालत होते. एक मासा ओळीने अंडी चिकटवत वर सरके, दुसरा त्याच ओळीवरून पोट टेकवत जाई. मधाच्या रंगाची, टाचणीच्या डोक्याएवढी अंडी. दुसऱ्या दिवशी त्यांतली बरीचशी पांढरी पडली आणि तिसऱ्या दिवशी एकही उरलं नाही. असं पुढच्या दोन महिन्यांत सहा वेळा झालं.

डिस्कसची पैदास करायचा सरळ मार्ग म्हणजे सहा-आठ पिल्लं एकत्र वाढवायची. वर्ष-दीड वर्षात ती वयात येतात आणि आपली जोडी आपणच जुळवतात. मला तेवढं थांबायचं नव्हतं. त्यामुळे ‘प्रूव्हन पेअर’ म्हणजे आधी पिल्लं वाढवलेली, सिद्ध झालेली जोडी आहे असं एका विक्रेत्याने सांगितलं, तेव्हा साठवलेले पैसे मी एका दमात देऊन टाकले. पुरावा म्हणून त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. दोन मोठे मासे आणि त्यांच्या अंगाला लगडलेली शेकडो पिल्लं. डिस्कसची पिल्लं पोहू लागली की आईबापांच्या अंगावर येणारा चिकट स्राव खाऊनच पहिले काही दिवस जगतात. नर आणि मादी दोघंही आळीपाळीने त्यांना पाजतात. ते दृश्य एकदा पाहिलं की माणूस हरखून जातो. मीही हरखले. सोबत ‘याच जोडीची’ म्हणून त्याने दोन-दोन इंचांची सहा पिल्लंही दिली, गडद निळ्या रंगाने झळाळणारी.

अंडी वाया जायला लागल्यावर मी त्याला फोन केला. ‘ताई, जागा बदलली की मासे बावरतात, दोन-तीन वेळा असं होणारच.’ तिसऱ्या वेळेनंतर म्हणाला, ‘तुमचं पाणी जड असेल. आरओचं पाणी घाला.’

या दुसऱ्या उत्तराने मला सगळ्यात जास्त काळ झुलवत ठेवलं, कारण त्यात तथ्य होतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर बरीच अंडी फळत नाहीत, हे कुठलाही पैदास करणारा सांगेल. मी आरओ बसवला, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शंभराच्या खाली आणला, पीएच साडेसहाच्या आत ठेवला, तापमान 29 अंशांवर स्थिर केलं. बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लू वापरून पाहिलं. रात्री मंद दिवा लावून ठेवला. प्रत्येक वेळी चूक माझीच आहे असं वाटायचं आणि त्या दोन माशांची मला दया यायची, इतक्या मनापासून ते अंड्यांना पंखांनी वारा घालत बसायचे.

पण एक गोष्ट तेव्हा लक्षात यायला हवी होती. पाणी वाईट असलं तरी शे-दीडशे अंड्यांत बहुतेकदा पाच-दहा तरी फळतात. दोन दिवसांत त्यांत काळसर ठिपका दिसतो, मग शेपट्या वळवळू लागतात. माझ्याकडे सहा खेपांत एकाही अंड्यात ठिपका दिसला नाही.

सातव्या वेळी शंकू जवळजवळ पूर्ण झाकला गेला. इतकी अंडी पाहून मी ओळखीतल्या एका काकांना बोलावलं. ते कित्येक वर्षं डिस्कस वाढवतात. अंडी घालणं चालू असताना ते टाकीशी वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, ‘अगं, दोघीही घालताहेत.’ पोटाखाली जी छोटी नळी बाहेर येते, ती मादीची जाड आणि बोथट असते, नराची बारीक, टोकदार. माझ्या दोन्ही माशांची बोथट होती. नर नसला तर दोन माद्या जोडी जुळवतात, एकमेकींसमोर मान झुकवतात, शंकू साफ करतात, अंडी राखतात. एरवी फक्त बाहेरून पाहून डिस्कसचा नर-मादी भेद खात्रीने करता येत नाही, आणि हा धंदा नेमका त्यावरच चालतो.

तरीही खात्री करायची म्हणून काकांनी त्यांचा एक नर दिला, ज्याची पिल्लं मी स्वतः पाहिली होती. त्याच टाकीत, त्याच पाण्यात, दोघींपैकी एकीबरोबर त्याची जोडी जमली. अंडी घातल्यावर तिसऱ्या दिवशी शंकूवर शेपट्या वळवळत होत्या.

मधल्या काळात ती निळी पिल्लंही फिकी पडली होती. टर्क्वॉइजची दोन इंची पिल्लं मुळात मातकट तपकिरी असतात, निळाई पुढे महिन्यामहिन्याने उतरते. एवढ्या वयात पूर्ण रंग आणायचा तर खाद्यातून मिथाइलटेस्टोस्टेरॉनसारखं संप्रेरक देतात. ते बंद झालं की रंग ओसरतो, आणि काही मासे कायमचे वांझ राहतात. (पिजन ब्लडसारख्या जातींना लहानपणीच रंग येतो, तेव्हा प्रत्येक रंगीत पिल्लावर संशय घेऊ नका.) माझ्या सहांपैकी चौघांचे डोळे अंगाच्या मानाने मोठे आणि शरीर गोल असण्याऐवजी लांबट आहे, म्हणजे त्यांची वाढ आधीच खुंटलेली होती. मी तेव्हा फक्त रंग पाहिला.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, जोडी विकत घ्यायचीच असेल तर अंडी दाखवली एवढ्यावर विश्वास ठेवू नका. अंडी एकटी मादीसुद्धा घालते. त्याच दोन माशांच्या अंगावर पिल्लं चरताना प्रत्यक्ष जाऊन पाहा. विक्रेता आज नको, उद्या या म्हणाला तर पुन्हा जा, पण न पाहता पैसे देऊ नका. माशांना तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी असेल किंवा मासा एकाच कल्ल्याने श्वास घेत असेल तर कितीही आवडला तरी परत फिरा. घरी आणल्यावर चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. हे एवढं मात्र मी केलं होतं, म्हणून माझे जुने मासे वाचले.

आणि व्हिडिओ असेल तर तो थांबवून पाहा. टर्क्वॉइजच्या कपाळावरच्या आणि कल्ल्यांवरच्या निळ्या रेघा प्रत्येक माशाच्या वेगळ्या असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या. मी हे सगळं झाल्यावर ताडून पाहिलं. व्हिडिओतल्या दोघांपैकी एकही मासा माझ्याकडचा नव्हता. पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. मागच्या आठवड्यात एका मुलाने मला तोच व्हिडिओ दाखवून विचारलं, ‘ताई, ही जोडी घेऊ का?’ त्यातल्या मोठ्या माशाच्या उजव्या डोळ्यावरची रेघ मध्येच तुटते आणि पुढे दुहेरी होते. असा मासा कुणी तुम्हाला व्हिडिओत दाखवला, तर तो टाकीत दाखवा म्हणून सांगा.