अभ्यासिकेचं वायफाय सगळ्यांना सारखं: कॅप, एसक्यूएम की एअरटाइम फेअरनेस?

१०० एमबीपीएसचं फायबर, वीस मुलं, आणि संध्याकाळी तक्रार एकच: नेट आहे, पण चालत नाही. सोलापुरातल्या अभ्यासिका आणि हॉस्टेल चालवणाऱ्यांपुढे यावर तीन इलाज आहेत. पण निवडण्याआधी अडतंय कुठे ते बघा. गर्दीच्या वेळी वायफायवरच्या लॅपटॉपवरून आधी राऊटरच्या आयपीला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा; मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. राऊटरचा पिंग पाच-दहा मिलिसेकंदांत येतोय आणि बाहेरचा तीनशेवर गेलाय, तर लाइन तुंबली आहे. राऊटरचाच पिंग उड्या मारत असेल तर अडचण हवेत, म्हणजे वायफायमध्येच आहे.

सगळ्यात सोपी ती कॅप, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसला ठराविक मर्यादा. बहुतेक राऊटरमध्ये ती असते. पण हिशेब करा: वीस जणांना ५-५ एमबीपीएस दिले, तर सकाळी चारच मुलं बसलेली असताना ८० एमबीपीएस पडून राहतात. मर्यादा २० केली, तर पाच जणच लाइन भरतात. त्यात मर्यादा मॅक अ‍ॅड्रेसवर, म्हणजे डिव्हाइसच्या ओळख क्रमांकावर लावलेली असेल, तर आजकालचे फोन बदलता मॅक वापरतात आणि यादी बिघडते. फक्त कॅपवर थांबू नये.

लाइन तुंबत असेल तर एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) घ्या, म्हणजे राऊटरच डेटाची रांग लावून वाटणी करतो. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत राऊटर प्रणाली चालणाऱ्या राऊटरवर एसक्यूएमचं पॅकेज टाकून त्यात केक ही रांग लावण्याची पद्धत निवडायची. वेग मोजून त्याच्या ९० टक्के आकडा दोन्ही दिशांना भरायचा. अपलोड विसरू नका, फोटो-व्हिडिओचा बॅकअप तिथेच लाइन अडवतो. आकडा कमी का? रांग आपल्या राऊटरमध्ये लागली तरच ती आपल्याला वाटून देता येते; कंपनीच्या यंत्रात लागली तर हातातून गेली. पुढे वाटणी डिव्हाइसवार व्हावी म्हणून प्रगत पर्यायांत 'नॅट' (nat) आणि डाउनलोडला 'ड्युअल-डीएसटीहोस्ट' (dual-dsthost), अपलोडला 'ड्युअल-एसआरसीहोस्ट' (dual-srchost) लिहा. हे नसेल तर वाटणी कनेक्शनवार होते, आणि टॉरेंटची पन्नास कनेक्शन उघडणारा पन्नास वाटे घेतो. हार्डवेअर ऑफलोडिंग (डेटा प्रोसेसरऐवजी थेट चिपमधून पुढे ढकलण्याची सोय) बंद हवं, नाहीतर डेटा केकला वळसा घालून जातो. सुरू केल्यावर वेग भरलेल्या आकड्याच्या बराच खाली आला, तर राऊटरचा प्रोसेसर कमी पडतोय.

राऊटर मायक्रोटिक कंपनीचा असेल तर त्यातल्या पीसीक्यू रांगेनेही आयपीवार, म्हणजे डिव्हाइसवार समान वाटे पडतात. फक्त फास्टट्रॅकचा नियम बंद करा, नाहीतर डेटा या रांगेलाही वळसा घालतो.

अडचण हवेत असेल तर तिसरा इलाज एअरटाइम फेअरनेस, म्हणजे वायफायची वेळ सगळ्यांना सारखी वाटणारा राऊटरमधला पर्याय. वायफाय मुळात प्रत्येकाला पाठवण्याची संधी सारखी देतं, वेळ नाही. बाळीवेशीकडच्या जुन्या घरांत दगडी भिंतीआड बसलेला फोन ६ एमबीपीएसवर घसरला आणि राऊटरजवळचा लॅपटॉप ५४ वर असला, तर इतर खर्च सोडून दोघांनाही जेमतेम ५.४ मिळतात. वेळ निम्मी-निम्मी वाटली की लॅपटॉपला २७ आणि फोनला ३. फोनवाल्याला हे अन्यायाचं वाटेल, पण एकासाठी सगळी खोली अडत नाही. मात्र राऊटर स्वतः पाठवतो त्या वेळेवरच त्याचा पूर्ण ताबा असतो, फोनकडून येणाऱ्या अपलोडवर कमी. काही जुनी उपकरणं हा पर्याय सुरू केल्यावर तुटूही लागतात. मग तो बंदच ठेवा.

तशा भिंतीला खरा उतारा म्हणजे तार ओढून पलीकडे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी), म्हणजे वायफाय देणारं दुसरं यंत्र. तो एपी मोडमध्येच लावा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, स्वतः राऊटरचं काम करत नाही. राऊटर मोडमध्ये राहिला, तर त्यामागची दहा मुलं केकला एकच डिव्हाइस दिसतात आणि दहा जणांत मिळून एकाचाच वाटा येतो.